चेनसॉ स्विचने बंद होत नसेल तर आधी चोक, मग अर्थची वायर

स्विच स्टॉपवर केला तरी चेनसॉ चालूच राहतो म्हणून टाकीतलं पेट्रोल संपायची वाट बघत बसतो असं लिहिलंय तुम्ही, ते आधी थांबवा प्लीज. पेट्रोल संपत आलं की इंजिनला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतं, त्यात टू-स्ट्रोकला ऑइलही पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे तापलेलं इंजिन कोरडं पळतं. त्यापेक्षा चेन ब्रेक (साखळी थांबवणारा पुढचा दांडा) लावा, मशीन जमिनीवर घट्ट धरा आणि चोक (इंजिनची हवा अडवणारा खटका) पूर्ण ओढा, दोन-चार सेकंदांत गुदमरून बंद पडेल. चालू इंजिनची प्लग कॅप (स्पार्क प्लगवरची वायरची टोपी) हाताने उपटायची नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात.

आता कारण. घरातल्या दिव्याचा स्विच करंट तोडतो, इथे बरोबर उलटं आहे. फ्लायव्हीलच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकाच्या) चुंबकाने इग्निशन कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि स्टॉप केलं की स्विच कॉइलची वायर बॉडीला अर्थ करतो, म्हणजे इंजिनच्या धातूला जोडतो, म्हणून स्पार्क मरतो. त्यामुळे ही वायर तुटली किंवा निसटली की मशीन बंदच होणार नाही, आणि सोलून बॉडीला टेकली तर चालूच होणार नाही.

प्लग कॅप काढून ठेवा आणि मगच उघडा. स्विचचा चपटा टर्मिनल निसटलाय का, स्विचच्या संपर्क पट्टीवर तेल-भुसा बसलाय का बघा, बारीक पॉलिश पेपर मारा. बऱ्याच मशीनमध्ये हँडल रबरावर बसवलेलं असतं, म्हणजे इंजिनपासून तुटक, म्हणून अर्थची वेगळी वायर असते आणि लोक नेमकी तीच तपासत नाहीत. माझ्याकडे नवा स्विच टाकूनही फरक पडेना, शेवटी ही वायर आवरणाच्या आत तुटलेली निघाली, बाहेरून एकदम अखंड!

मीटर असेल तर वायर कॉइलपासून सोडवून मोजा, नाहीतर कॉइलचाच रेझिस्टन्स दाखवून फसवेल. एक टोक वायरला, दुसरं सिलिंडरच्या फिनला, स्टॉपवर जवळपास 0 ओहम यायला हवा, रनवर ओपन, म्हणजे जोडणीच नाही. हे बरोबर आलं, वायर परत घट्ट जोडली आणि तरी बंद होत नसेल तर कॉइल बदला.

फक्त गरम झाल्यावरच असं होत असेल, आयडल (रेस न देताचा इंजिनचा वेग) आपोआप चढत असेल, तर मात्र वायरिंग सोडा, कार्ब्युरेटर इंजिनला जोडणारा रबर बूट आणि क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकांवरचे रबरी सील) बघा, कुठूनतरी हवा आत जातेय. तोपर्यंत त्या मशीनने लाकूड कापू नका.