सवाल-जवाब : मालिकेत मागे उभं राहण्याचं काम

वाईजवळ एका मालिकेचं शूटिंग सुरू आहे. दोन-तीनदा गर्दीत उभा राहिलो. काम नेहमी मिळावं म्हणून काय करू? – एक वाचक, मेणवली

जत्रा, लग्न, ग्रामसभा यांतली गर्दी त्या दिवसापुरती. रोजचं काम मिळतं ते ठरलेल्या जागेला : पारावरचा म्हातारा, किराणा दुकानदार, टपरीवाला. मात्र दुकानदार म्हणून चेहरा एकदा ठसला की त्याच मालिकेत तुम्हाला कंपाउंडर करता येत नाही. तेव्हा लग्नाच्या पंगतीत कॅमेऱ्यापुढे घुसू नका, तिथे चेहरा ठसला की ठरलेली जागा हातची जाते. मागची माणसं असिस्टंट दिग्दर्शक लावतो. त्याच्या डोळ्यांत भरायचं ते शिस्तीनं.

शिस्त म्हणजे मुख्यतः कंटिन्युइटी, आधीच्या शॉटमध्ये जसे दिसलात तसेच पुढच्यात दिसणं. एकाच प्रसंगाचा अंगणातला भाग सोमवारी आणि पारावरचा गुरुवारी होऊ शकतो. टोपी, उपरण्याची बाजू, घड्याळ, चष्मा यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. प्रसंग पूर्ण होईपर्यंत केस-दाढीला हात लावू नका. आधी सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा मास्टर शॉट, मग एकेकाचे जवळून घेतलेले क्लोज, म्हणजे तेच पासिंग, मागून चालत जाणं, अनेकदा द्यावं लागतं. नायकाच्या कुठल्या वाक्यावर निघायचं आणि कुठल्या शब्दाला खांब गाठायचा, हे पाठ करा. चुकलात तर एडिटिंगमध्ये माणूस एका कटात खांबाच्या अलीकडे, पुढच्या कटात पलीकडे दिसतो. मग तो शॉट टाकून देतात, आणि तुम्हालाही.

गप्पा नुसत्या ओठांनी मारायच्या. बांगड्या, पैंजण, करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला माइक पकडतो. चहाचा ग्लास फळीवर आपटत असेल तर खाली फडकं घाला.

कपडे कुठले न्यावेत? – एक वाचक, तासगाव

दोन-तीन जोड, इस्त्री केलेले, वापरात मऊ पडलेले. पांढरंशुभ्र नको, ते पडद्यावर फटफटीत दिसतं. बारीक रेघा नि चौकडी लुकलुकते. छातीवर कंपनीचं नाव तर नकोच.

मालिकांना गर्दीतली माणसं पुरवणारा को-ऑर्डिनेटर नोंदणीचे पैसे मागतो. द्यावेत का? – एक वाचक, सांगली

नाही. त्याचं कमिशन तुमच्या दिवसाच्या पैशांतून सुटतं, आधी कशाला? जाण्यापूर्वी चार गोष्टी मेसेजवर लिहून घ्या : शिफ्ट किती तासांची, जेवण-प्रवास कोणाकडे, जादा वेळेचं काय, पैसे कधी. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला म्हणाले तर तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावे जमा दिसतो का, ते पाहा.

संवाद न मिळता वर्षानुवर्षं टिकता येतं का? – एक वाचक, कऱ्हाड

येतं. ब्रिटनमधल्या बीबीसीची 'ईस्टएंडर्स' ही मालिका 1985 साली सुरू झाली. तिच्यातल्या पबमधली ट्रेसी ही बारमेड जेन स्लॉटर त्याच वर्षापासून करत आल्या. बहुतेक वेळ मूक, क्वचित एखादं वाक्य. पण तिकडची मालिका दशकानुदशकं चालते. आपल्याकडे टीआरपी घसरला की सेट उतरतो नि पारावरची जागाही जाते. प्रक्षेपणाची वेळ बदलल्याची कुणकुण लागताच दुसऱ्या मालिकांच्या असिस्टंटना दाढीसह एक आणि दाढीशिवाय एक, असे साध्या उजेडातले फोटो उंची-वयासह पाठवा. फिल्टर लावू नका.