चिनी नववर्षाचे फटाके: आवाजाचं सोडा, बाल्कनी सांभाळा

ताई, फटाक्यांच्या दिवसांत बाळाला कसं सांभाळायचं ही तुमची पोस्ट वाचली आणि शेनयांगचे (ईशान्य चीनमधलं शहर) दिवस आठवले. आठ महिन्यांचं बाळ, खिडकीसमोर मोकळं पार्किंग, पहिलंच चिनी नववर्ष, आणि सोसायटीचं ऑफिस म्हणतंय, "आपल्या भागात फटाक्यांना बंदी आहे, निश्चिंत राहा." हे वाक्य आम्हालाही अगदी असंच ऐकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाळाला आतल्या खोलीत झोपवा, एअर प्युरिफायर लावा हे तुम्हाला कुणीही सांगेल, मी बाकीचं सांगतो.

आधी बंदीचं. बीजिंगने १९९३ साली बंदी घातली, २००५ मध्ये सैल केली, २०१८ मध्ये पाचव्या रिंग रोडच्या आत पुन्हा घातली आणि २०२२ पासून सगळ्या शहराला लावली. तिथे पोलीस ती खरोखर पाळायला लावतात. बाकी शहरांचं तसं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये चीनच्या संसदेच्या कायदेविषयक आयोगानेच म्हटलं की सरसकट बंदी वरच्या (राष्ट्रीय) कायद्यात बसत नाही आणि अमलात आणणंही अवघड आहे. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नियम बदलले. तेव्हा ऑफिसातल्या बाईंना विचारू नका, खालच्या फळवाल्याला विचारा. गेल्या वर्षी तुमच्या भागात काय झालं ते तो खरं सांगेल.

आता आमची गोष्ट. उत्तरेत हिवाळ्यात घरात हीटिंग इतकं असतं की बाहेर उणे पंधरा असताना आत बनियनवर बसावं लागतं. त्यामुळे सगळेच बाल्कनीच्या काचेची एक फट उघडी ठेवतात. आमच्या बाल्कनीत घरमालकिणीने थंडीसाठी रचून ठेवलेले चिनी कोबीचे गड्डे होते आणि शेजारी ताओबाओच्या (ऑनलाइन खरेदीच्या) पुठ्ठ्यांचा ढीग. नववर्षाच्या आदल्या रात्री खाली पार्किंगमध्ये कुणीतरी शॉटचं खोकं लावलं. ते कलंडलं आणि शॉट आडवे सुटले. त्यातला एक थेट फटीतून आत. पुठ्ठे पेटायला वेळ लागला नाही. बायकोने बादली ओतली, मी ओली चादर टाकली आणि आग विझली. दोन काचा तडकल्या, छत काळं झालं, पाणी खालच्या घरात झिरपलं. कोबीची वरची पानं तेवढी करपली, आतून गड्डे ठणठणीत!

आगीचं एक वेळ ठीक, खरा मनस्ताप पुढे झाला. ऑफिसला कुलूप. वॉचमन म्हणाला, सुट्टी संपल्यावर या. सुट्टी संपल्यावर गेलो तर त्याच बाई, ज्यांनी "बंदी आहे" म्हणून सांगितलं होतं, म्हणाल्या की खिडक्या बंद ठेवा आणि बाल्कनी मोकळी करा अशी सूचना लिफ्टमध्ये लावली होती. होती खरी, फक्त चिनीत. बंदी असलेल्या ठिकाणी खिडक्या कशासाठी बंद ठेवायच्या, हे विचारल्यावर हसल्या. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं तर म्हणे फक्त पोलिसांना दाखवतो. पोलिसांकडे गेलो तर ते म्हणाले, त्या रात्री फोन का नाही केला, तक्रारीची नोंद कुठे आहे? आणि तोवर रेकॉर्डिंगवर नवं रेकॉर्डिंग चढलेलं. शेवटी खोकं कुणी लावलं हे कुणालाच ठाऊक नाही, आणि घरमालकिणीने सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं. कोबीच्या पैशांसकट. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

म्हणून माझं ठाम मत: काहीही झालं तर त्याच रात्री ११० ला फोन करा (आग असेल तर आधी ११९), पोलीस आले की नोंदीची पावती मागून घ्या आणि घरमालकाला वीचॅटवर (तिथलं व्हॉट्सॲप) फोटो लगेच पाठवा. ऑफिसात तोंडी काही बोलू नका, मेसेज करा. मी वकील नाही, नियमही दर वर्षी बदलतात, शहरागणिक वेगळे असतात, पण कागद कुठेही कामी येतो.

आणि बाल्कनी आजच रिकामी करा. पुठ्ठे, गाद्या, वाळत घातलेले कपडे, प्लॅस्टिकचं हिरवं गवत, सगळं. मी उगाच घाबरवत नाही. शेनयांगमध्येच ३ फेब्रुवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर एका उंच हॉटेलच्या इमारतीला आग लागली, ती अकराव्या मजल्याच्या उघड्या गच्चीवरच्या असल्याच कृत्रिम गवतावर फटाके पडून.

आवाजाबद्दल: आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची सवय असेल तर दचकणार नाही. पण तिथला एक प्रकार वेगळा आहे, लाल कागदाची जाड नळी, पहिला बार जमिनीवर आणि दुसरा वर हवेत, नेमका तुमच्या मजल्याच्या आसपास. तो वाजला की खाली उभ्या असलेल्या सगळ्या इलेक्ट्रिक स्कूटरचे अलार्म एकदम कोकलायला लागतात. आमचं पोरगं फटाक्यांना नाही, त्या अलार्मना रडायचं. (बाळाच्या कानांबद्दल मात्र डॉक्टरांनाच विचारा, इथल्या सल्ल्यावर जाऊ नका. माझ्याही.)

एका रात्रीचा प्रश्न असता तर हॉटेलात जा म्हटलं असतं. २०२७ चं नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे, म्हणजे ५ ला संध्याकाळच्या जेवणाआधी आणि मग मध्यरात्री मोठा धडाका. ६ ला पहाटे पुन्हा. १० ला पाचवा दिवस, धनदेवतेच्या स्वागताचा, दुकानदार ९ च्या रात्री बारापासूनच सुरू होतात. शेवटी २० ला कंदिलांचा सण. मधले दिवस बरेच शांत जातात. जायचंच असेल तर ४ ला निघून ११ ला परता. फक्त निघताना खिडक्यांना कड्या घाला, आणि घरी परतल्यावर परदेशी म्हणून पोलिसांकडे राहण्याची नोंद पुन्हा करावी लागते का, ते आधीच चौकीत विचारून ठेवा.

राहायचं ठरलं तर डायपर आणि दुधाची पावडर जानेवारीतच मागवा. नंतर कुरिअरची पोरं गावी जातात आणि पार्सल कुठल्यातरी गोदामात पडून राहतं.