वृक्षतोडीविरोधी जाहिरातीत एआयने बनवलेलं चित्र वापरावं का?

कल्पना मांडायला खुशाल वापरा, पण ‘हे इथे घडलंय’ असं सांगायचं असेल तर खरा फोटोच लावा. हैदराबादच्या कांचा गच्चीबावलीचं उदाहरण घ्या. ४०० एकरांच्या त्या झाडीच्या पट्ट्यात तेलंगणा सरकारचे बुलडोझर खरेच फिरले होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. पण बुलडोझरपुढे पळणाऱ्या हरणा-मोरांची एआय चित्रं व्हायरल झाली आणि सरकारच्या हाती आयतं कोलीत मिळालं. तोडीऐवजी चर्चा बनावट चित्रांवर, वर गुन्हेही नोंदले गेले. चित्र वापरलंतच तर ‘एआय-निर्मित’ हे चित्रावरच ठळक लिहा, कॅप्शन फॉरवर्डमध्ये गळून पडतं. आणि प्राणी जाणकाराला दाखवून घ्या. चितळाला सांबराची शिंगं चढायला वेळ लागत नाही.