खुल्या रस्त्यावरची सायकल शर्यत

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी सायकल क्लबतर्फे दर वर्षी जानेवारीत ४० किलोमीटरची शर्यत होते. रस्ता बंद करून मिळत नाही. गेल्या खेपेस शेवटच्या वळणावर आघाडीचे स्पर्धक एकमेकांत अडकून पडले आणि मागचा टेम्पो जेमतेम थांबला. हेल्मेटची सक्ती आम्ही आधीच केली आहे. आणखी काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : हेल्मेटची सक्ती योग्यच आहे. व्यावसायिक शर्यतींत ती उशिराच आली. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह हा कझाक सायकलपटू डोक्याला मार लागून दगावला, त्यानंतर त्याच वर्षी हेल्मेट बंधनकारक झाले. परंतु तुमची अडचण स्पर्धक पडण्याआधीची आहे आणि तिचे मूळ शर्यतीच्या स्वरूपात आहे. सर्वांना एकदम सोडले की घोळका होणारच, कारण पुढच्याच्या आडोशाने मागच्याला वारा कमी लागतो आणि त्याची ताकद वाचते; मग चाकांत वीतभर अंतर राहते आणि एक डगमगला की पाचदहा जण आडवे होतात. वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर असा घोळका सोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी टाइम ट्रायल घ्यावी. इंग्लंडमध्ये रस्त्यांवरील शर्यतींना पोलिसांचा विरोध वाढल्यावर एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेकटे सोडण्याची ही पद्धत रुजवली आणि तिथले क्लब आजही ती पाळतात. प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते, दुसऱ्याच्या आडोशाने चालवण्यास मनाई असते आणि मागून येणाऱ्या वाहनाला एका वेळी एकच सायकल ओलांडावी लागते. प्रेक्षकांना रंगत कमी वाटेल. बक्षीस वाटणाऱ्या पुढाऱ्यांना तर नक्कीच.

सामूहिक शर्यतच हवी असेल, तर पोलिसांकडून निदान शेवटचा टप्पा काही वेळ बंद करून घ्यावा आणि तो चढावर ठेवावा. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटाच्या चढणीवर ‘घाटाचा राजा’ ठरतो. चढावर घोळका आपोआप विस्कटतो, वेग उतरतो आणि कोणी पडलाच तरी खरचटण्यावर निभावण्याची शक्यता अधिक असते. बाजारपेठेतील चौकात सपाटीवर शेवट ठेवणे यापुढे बंद करावे.

महिन्याचाही विचार व्हावा. जानेवारीत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चटकन थांबत नाही, अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसतो आणि सांडलेल्या उसावरून सायकलचे बारीक टायर हमखास घसरतात. तारीख बदलता येत नसेल, तर कारखान्याकडे जाणारा रस्ता तरी टाळावा.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ मोटारींच्या शर्यतींपुरते आहे, म्हणून सायकल शर्यतीला परवानगी नको, असा युक्तिवाद काही क्लब करतात. तो धरू नये. पोलिसांची लेखी परवानगी आणि बंदोबस्त घ्यावाच, कारण फाट्यावर शिट्टी व लाल झेंडी घेऊन उभा राहिलेला तुमचा स्वयंसेवक स्पर्धकाला सावध करू शकतो, पण वाहन अडवण्याचा अधिकार त्याला नसतो. रुग्णवाहिका मात्र १०८ वर विसंबून न राहता स्वतंत्र ठेवावी आणि ती दुसऱ्या कामाला गेल्यास परत येईपर्यंत पुढचा स्पर्धक सोडू नये.