हाताला काहीच लागत नाही

प्रश्न : मी गेल्या वर्षी पशुवैद्यक झाले. लेखी परीक्षेत गुण उत्तम. पण गाभण तपासणीसाठी गायीच्या गुदाशयात हात घातला की हाताला काहीच लागत नाही. वरिष्ठ दोन मिनिटांत 'तीन महिने' म्हणून मोकळे होतात, मी नुसती मान डोलावते. रात्री एकटीला अडलेल्या गायीकडे जावं लागलं तर, या विचारानं झोप उडते. एखादी पदविका करू का?

उत्तर : डॉक्टर, पहिलं वर्षभर मीही मान डोलावली आहे. एकदा छातीठोकपणे गाभण म्हणून सांगितलं, ते तुडुंब भरलेलं मूत्राशय निघालं. गाय तिथेच मुतली आणि माझं वासरू वाहून गेलं. मालक हसला नाही. पुन्हा बोलावलंही नाही.

शस्त्रक्रियेतला टाका सैल पडला तर शिकवणाऱ्याला दिसतो. इथे तुमचा हात खांद्यापर्यंत आत, तो कशावर आहे हे बाहेरच्याला कळणार कसं? ब्रिटनमध्ये साराह बेली या पशुवैद्यक बाईंनी या शतकाच्या सुरुवातीला 'हॅप्टिक काऊ' हे यंत्र बनवलं ते यासाठीच : विद्यार्थ्याच्या बोटाला गर्भाशयाचा स्पर्श भासतो आणि बोट नेमकं कुठे आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसतं.

यंत्र नसेल तर कागद घ्या. वरिष्ठांच्या आधी तुम्ही तपासा, 'रिकामी' की 'इतके महिने' ते लिहा, मगच त्यांना विचारा. रेतनाची तारीखही नंतरच बघायची. सुरुवातीला पस्तीस-चाळीस दिवसांच्या गायींच्या वाटेला जाऊ नका. रिकाम्या आणि तीन महिन्यांच्या पुढच्या, एवढ्याच घ्या. आधी गुदाशयाच्या भिंतीतून गर्भाशयाचं मुख शोधा. आजूबाजूला सगळं मऊ, हेच तेवढं कानाच्या कुर्च्येसारखं टणक. ते सापडलं की पुढे गर्भाशयाच्या शिंगांपर्यंत, म्हणजे त्याच्या दोन फांद्यांपर्यंत जाता येतं. आतडं आवळलं की हात स्थिर ठेवा, जोर लावू नका. हातमोज्याला रक्त दिसलं तर थांबा आणि मालकाला सांगा. हात बधिर झाल्यावर दहा गायी तपासल्या तरी शिकणं शून्य.

अडलेल्या गायीचं म्हणाल तर सरावासाठी मेलेल्या वासराचे पाय डोळे मिटून चाचपा. खुराच्या वरचे दोन सांधे एकाच दिशेला वाकले तर पुढचा पाय, उलट दिशांना वाकले तर मागचा. प्रत्यक्ष गायीत दोन पाय लागले म्हणून लगेच ओढू नका. दोन्ही एकाच वासराचे आहेत ना, हे धडापर्यंत हात नेऊन बघा. जुळी असतात कधी कधी. अर्ध्या तासात काही सरकलं नाही तर फोन करीन, असं वरिष्ठांना आजच सांगून ठेवा. चिडले तर चिडू देत.

पदविकेत किती गायींत हात घालायला मिळेल, एवढंच विचारा. आकडा सांगता आला नाही तर प्रवेश घेऊ नका.