निवाऱ्यात संध्याकाळी जायचं

प्रिय मित्रा,

घरं पडून निवाऱ्यात आलेल्या मुलांजवळ बसायला स्वयंसेवक हवेत, म्हणून पावसाळ्याआधी वॉर्डातल्या कॉलेजच्या पोरापोरींचं प्रशिक्षण घेतोयस, हे बरं केलंस. वेळापत्रक वाचलं. पहिला अख्खा दिवस ‘आघाताचे मानसशास्त्र’ आणि त्याच्या स्लाइड्स. ते सगळं दीड तासात बसव. उद्या कुर्ल्याच्या एखाद्या महापालिका शाळेत चाळीस-पन्नास कुटुंबं येऊन पडली, तर तुझ्या स्वयंसेवकाला व्याख्या आठवणार नाहीत. तोंड कधी बंद ठेवायचं, एवढं आठवलं तरी पुष्कळ.

आधी पाळ्या बदल. तू सकाळी दहा ते पाच लिहिली आहेस. ती कॉलेजची सोय झाली, मुलांची नाही. 2019च्या जुलैत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली, ती मध्यरात्री. 2021च्या जुलैत चेंबूरच्या भारतनगरात घरांवर भिंत आली, तीही लोक झोपेत असताना. 2023ला खालापूरजवळ इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तीही रात्रीच. अशा ठिकाणाहून आलेलं पोर दुपारी चांगलं असतं. खिचडी खातं, व्हरांड्यात धावतं, बाकांवरून उड्या मारतं. पाहुणे म्हणतात, ‘मुलं किती लवकर सावरतात बघा!’ मग दिवेलागण होते, पत्र्यावर सर वाजायला लागते, आणि तेच पोर आईच्या पदराला धरून बसतं. झोप म्हटलं की रडतं. नऊ-दहा वर्षांचा मुलगा अंथरुण ओलं करतो आणि सकाळी कोणाशी बोलत नाही. नेमके तेव्हा तुझे स्वयंसेवक लोकलमध्ये असतात.

म्हणून एक तुकडी सहा ते साडेनऊ ठेव. मुलींना रात्री घरी पोचवायची व्यवस्था त्यातच धर, नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणी येणार नाही. या वेळात विशेष काही करायचं नसतं. तोच कोपरा, तीच सतरंजी, तीच दोन माणसं आणि तीच गोष्ट. मुलं ‘कालचीच सांगा’ म्हणतात, कालचीच सांगायची. उठताना ‘उद्या सहाला येते’ हे तेव्हाच म्हणायचं, जेव्हा खरंच यायचं असेल. ज्याला एकच दिवस जमणार आहे, त्याला कांदे चिरायला नाहीतर आलेल्या कपड्यांचे ढीग निवडायला बसव. तेही काम लागतंच. मुलांजवळ मात्र नको. त्यांची रोज दिसणारी माणसं आधीच कमी झालेली असतात.

खेळांच्या यादीतून ‘डोंगर का पाणी’ काढून टाक. हसू नकोस. दरडीखालून आलेल्या मुलांसमोर ‘डोंगर!’ असं ओरडणारा उत्साही जीव प्रत्येक तुकडीत एक तरी असतो. फुगेही नकोत, फुटतात. ‘आई, माझं पत्र हरवलं’ चालेल, साखळी चालेल, कागद-खडू तर हवेतच. मुलं स्वतःहून भिंत पाडायचा, बाहुली बुडवायचा खेळ खेळतील, तेव्हा तो बंद पाडायचा नाही, जवळ बसून राहायचं. खेळता खेळता मूल जास्तच घाबरलं, तरच हळूच दुसरीकडे वळवायचं. आणि ‘काय झालं ते चित्रात काढ’ असं कधीच सांगायचं नाही. घडलेलं सगळं बोलतं केलं की मन मोकळं होतं, हा आपल्याकडचा आवडता समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2011ची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत तसं करायला सांगत नाही. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढंच तिचं सूत्र. स्वतःहून बोललं तर ऐकायचं, उकरायचं नाही.

‘आई कधी येणार?’ याचा सराव नक्की घे. ‘गावाला गेलीय’ नाही, ‘झोपलीय’ तर मुळीच नाही. त्यानंतर मूल स्वतः झोपायला घाबरतं. ‘मला माहीत नाही, ताईंना विचारून सांगते’ म्हणायचं आणि खरंच विचारून यायचं. मृत्यूची बातमी घरच्या माणसानेच सांगायची. स्वयंसेवकाने फक्त शेजारी असायचं.

दुसरा दिवस नाट्यप्रसंगांना दे. एक प्रसंग असा: चॉकलेटं घेऊन ‘मामा’ येतो आणि भाचीला न्यायचं म्हणतो. बहुतेक पोरं मामाला दहा प्रश्न विचारतात. मग तीच पिशवी घेऊन डोळे पुसत एक ‘मावशी’ आली, की पोरीला तिच्या कडेवर देऊन मोकळी होतात! म्हणून वही हवी: मूल कोणी आणून सोडलं, कोणी नेलं, किती वाजता, सही. सोबत कोणीच नसलेलं मूल आढळलं तर लगेच 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. बाल न्याय कायद्यानुसार त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. ‘आम्ही सांभाळतो घरी नेऊन’ असं म्हणणारे भले लोक भेटतील. त्यांना चहा पाज, मूल देऊ नकोस. फोटोंचंही तेच. नगरसेवक असो की तुझ्याच संस्थेचा देणगीदार, मुलांचे चेहरे नाहीत म्हणजे नाहीत.

कडेवर भावंड घेऊन दारात उभी राहणारी मुलगी प्रत्येक निवाऱ्यात असते. तिला ‘ये, खेळ’ म्हणून उपयोग नसतो, आधी तिच्या कडेवरचं बाळ उतरवून घ्यावं लागतं. तेरा-चौदाची पोरं सतरंजीवर बसत नाहीत, त्यांना कामं द्यायची: पाण्याची पिंपं, धाकट्यांना रांगेत उभं करणं. मुलींसाठी पॅड आणि संडासापर्यंत उजेड, हे पहिल्याच दिवशी बघ.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर स्वयंसेवकांनाही दे, त्यांनाही लागतो. पोलीस पडताळणीचे अर्ज याच आठवड्यात टाक, वेळ खातात. हॉल कुठला ठरला ते कळव. दुसऱ्या दिवशी मावशी व्हायला मी येईन, पोरांना आधी सांगू नकोस.

तुझी,
ताई