मैत्रिणीवर गुदरलेल्या प्रसंगावर शेवटच्या वर्षाची डॉक्युमेंटरी करतोय, तिची परवानगी आहे. नुसती मुलाखत घ्यावी की प्रसंग पुन्हा उभा करावा?

परवानगी आहे म्हणतोस. कशाकशाची, ते लिहिलं नाहीस. (वयाने मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करतेय.)

मी कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसलेली आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. मी त्या जिन्यावर होते. पाऊस आला म्हणून लोक आडोशाला थांबले आणि मागून लोकलची गर्दी येतच राहिली. माझं बरगडीवर निभावलं.

पुढच्या वर्षी माझा शाळेपासूनचा मित्र, मास मीडियाचा विद्यार्थी, म्हणाला, तुझ्यावर फिल्म करतो. मी हो म्हटलं. त्याच्याच घरी शूट केलं, आवाज येतो म्हणून पंखा बंद, ओढणीखाली कॉलर माइक. प्रश्न चांगले होते, मीही न अडखळता बोलले. मग तो 'कट' म्हणाला. मी पाण्याची बाटली उघडायला घेतली तर झाकण फिरेना. त्याने उघडून दिली, आणि तेव्हा मी त्याला सांगितलं की पडले तेव्हा माझ्या पायाखाली कुणीतरी होतं. आधी हलत होतं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. एडिटमध्ये निम्मी मुलाखत उडाली आणि बाटलीचा शॉट राहिला, पायाखालच्या माणसासकट. मला ते स्क्रीनिंगलाच कळलं. शेजारी आई बसली होती. परीक्षकांनी नेमकं त्याच शॉटचं कौतुक केलं.

त्याचं म्हणणं आजही तेच: 'तू रिलीज फॉर्मवर सही केली होतीस.' केली होती. पण जे मी मित्राला सांगितलं ते दिग्दर्शकाने उचललं, आणि असं करायला फॉर्मची नाही, कोडगेपणाची गरज लागते.

बरं, त्यात फिल्मचं तरी भलं झालं का? पुलाबद्दल खासदारांनी रेल्वेला आधीच पत्रं लिहिली होती. नवा रुंद पूल मंजूर होता, काम मात्र सुरू नव्हतं. माणसं मेल्यावर लष्कर आलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुलाही झाला. इतक्या झटपट होणारं काम आधी का झालं नाही, हा प्रश्न त्याच्या फिल्ममध्ये एकदाही येत नाही. कारण त्याच्याकडे माझं रडणं होतं, आणि ते फुकटात मिळालं होतं. कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला असता.

तुझा प्रश्न. प्रसंग पुन्हा उभा करू नकोस. त्या जागीही तिला नेऊ नकोस, ती स्वतः म्हणाली तरच. मुलाखत घे, एका बैठकीत सगळं उरकू नकोस. 'कट' म्हटलंस की कॅमेरा आणि माइक दोन्ही खरोखर बंद कर, तिला दिसेल असे. रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, प्रोजेक्ट गाइडच्या आधी तिला दाखव, एकटीला, आणि 'हे काढ' म्हणाली तर कारण न विचारता काढ. सर म्हणतील, विषयाच्या हातात एडिट देऊ नये. नेत्यावर किंवा बिल्डरवर फिल्म करत असशील तर सरांचं बरोबर आहे. मैत्रिणीच्या बाबतीत चूक.

प्रसंग काय ते तू लिहिलेलं नाहीस. लैंगिक अत्याचाराचा असेल तर वरचं सगळं नंतर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, ती सज्ञान असेल तर तिची लेखी परवानगी लागते. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही, आवाज आणि गल्लीवरूनही माणूस ओळखू येतो.

आणि हो, काहींना कॅमेऱ्यासमोर बोलून मोकळं वाटतं, हेही खरं. मलाही मुलाखतीपुरतं वाटलं होतं. तिला वाटत असेल तर माझं रडगाणं सोडून दे.

फक्त यूट्यूबचं आधीच ठरवा. माझी फिल्म आता 'अनलिस्टेड' आहे म्हणे, म्हणजे शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसते, पण लिंक कुणाकुणाकडे गेलीय ते त्यालाही सांगता येत नाही. तो इथे वाचत असतो. डिलीट कर रे.